पऱ्यातला टीव्ही

मे महिन्यात गावाला गेले की सकाळच्या चहाच्या आधी समुद्रावर एक चक्कर मारायची ही माझी जुनी सवय. घरासमोरची पाखाडी उतरली की डाव्या हाताला पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, लागतो, त्याच्या कडेकडेने वाट जाते, मग सुरूचं बन आणि मग एकदम वाळू. उन्हाळ्यात पऱ्यात पाणी नसतं, नुसते गोटे आणि पाचोळा, मधेच एखादं डबकं आणि त्यात दोन बगळे उगाच आशेवर उभे. तर त्या दिवशी पाचोळ्यात काहीतरी काळं दिसलं. आधी वाटलं तुटकी खुर्ची असेल, कारण आमच्याकडे प्लास्टिकची खुर्ची मोडली की तिचा शेवट इथेच होतो. जवळ गेले तर टीव्ही. म्हणजे टीव्हीची पुढची बाजू, काळी चौकट आणि तिला स्क्रूने अजून धरून असलेली पिक्चर ट्यूब, तोंड खालच्या अंगाला करून कलंडलेली, मागचं झाकण गायब, आणि ट्यूबची मागे जी बारीक मान असते ना ती मोडलेली. मी पुढेच जाणार होते. खरं सांगते, मनात पहिलं वाक्य आलं ते "काय लोक आहेत, कुठेही टाकतात." मग चौकटीच्या कोपऱ्यावर नजर गेली. तिथे हळदीकुंकवाचा थर होता, वर्षानुवर्षं एकावर एक बसलेला, वाळून तपकिरी झालेला, रुपयाएवढा.

तो टीव्ही आमचा होता.

आदल्याच दिवशी मी तो भंगारात दिला होता. झालं असं की कौलं परतायला माणूस आलेला, मिरगाच्या आत ते काम उरकावंच लागतं, आणि त्याने माळ्यावर चढून वरूनच सांगितलं की ताई हे सामान हलवल्याशिवाय मला पाय ठेवायला जागा नाही. मग एकेक खाली यायला लागलं. दोन टेबलफॅन, तीन स्टॅबिलायझर (तीन! पण आमच्याकडच्या व्होल्टेजला तीन सुद्धा कमीच), डीव्हीडी प्लेयर, दोन सेट टॉप बॉक्स, एक कॉर्डलेस फोन, मुठीला चिंधी गुंडाळलेली इस्त्री, उंदरांनी कुरतडलेल्या वायरींची वेटोळी, आणि गोधडीत गुंडाळलेला टीव्ही. सगळं खळ्यात मांडलं तेव्हा एखाद्या दुकानाचा सेल लागल्यासारखं दिसत होतं, फक्त प्रत्येक वस्तूतून थोडी थोडी लेंड्यांची आणि झुरळांच्या अंड्यांची पूड गळत होती. आई पडवीतल्या झोपाळ्यावरून बघत होती. "ठेव गो त्यातलं काय काय, लागतं." काय लागतं, आई? तर म्हणे "ते मेलं वेळेला कळतं."

दुपारी टेंपो आला. हल्ली भंगारवाले स्वतः ओरडत नाहीत, भोंग्यावर रेकॉर्ड लावलेली असते, जुना फ्रीज जुना पंखा बॅटरी मोटार, एका लयीत, आणि ती लय डोक्यात अडकली की रात्रीपर्यंत सुटत नाही. माणूस चांगला होता. सगळ्यात आधी त्याने इन्व्हर्टरची जुनी बॅटरी बघितली, मग स्टॅबिलायझर हातात घेऊन वजन अजमावलं, त्याच्या आत तांब्याची गुंडाळी असते म्हणून त्याचा चेहरा जरा खुलला. टीव्हीला मात्र नुसती बोटाने टिचकी मारली. "ट्यूबवाला नको ताई. पूर्वी घ्यायचो. आता त्याच्यात काय नाय." मी म्हटलं फुकट ने. तो म्हणाला "फुकट पण नको." मग मी जे केलं ते मला अजून टोचतंय. मी बॅटरीवर हात ठेवला आणि म्हटलं, टीव्ही नेणार असशील तरच ही देईन. तो हसला, मानेनेच बरं म्हणाला, आणि गोधडीसकट टीव्ही टेंपोत चढवला. मला दोन हजार तीनशे रुपये मिळाले आणि वर आपण भारी व्यवहार केला असा आनंद. आईला म्हटलं, बघ, गेलं की नाही सगळं.

गेलं म्हणजे तीनशे पावलांवर गेलं.

हा टीव्ही बाबांनी १९९४ साली चिपळुणातून आणला. एकवीस इंची, रंगीत, खोका एवढा मोठा की एसटीच्या कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं आणि वर विचारलं की मास्तर, सीटचं पण फाडू काय ह्याचं. बाबांनी टपावर चढवू दिला नाही. मागच्या लांब सीटवर खोका खिडकीशी आणि बाबा त्याला हाताने कवटाळून, गुहागरपर्यंतची सगळी वळणं. आम्ही दोघं भावंडं स्टँडवर उभे. नंतरचं सगळं सगळ्यांच्या घरी झालं तसंच, पोफळीच्या सोटावर बांधलेला अँटेना, एकजण वर फिरवतोय, एक खिडकीत निरोप्या, एक टीव्हीपुढे, "आल्या का?" "मुंग्या आल्या!" "आता?" "आता दोन दोन माणसं दिसतायत!" आणि समुद्रावरून वारा फिरला की पुन्हा पहिल्यापासून. बाबा दर खंडेनवमीला शिवणयंत्र, कोयती, विळी, सायकल यांच्याबरोबर टीव्हीलाही हळदीकुंकू लावायचे, उजव्या कोपऱ्यात वर, नेमकं एकाच जागी. झेंडूचं फूल ठेवायचे ते मागच्या फटीतून आत पडायचं म्हणून आई ओरडायची. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टीव्ही लावायचा नाही, त्यालाही सुट्टी. बाबा गेले, मग भिंतीवरचा चपटा टीव्ही आला, जुना माळ्यावर गेला. पुसायचं कुणाच्या मनात आलं नाही आणि गेली बारा-तेरा वर्षं कुणी नवीन कुंकू लावलंही नाही.

मी पऱ्यात उतरून चौकटीवर हात ठेवला तर दवाने कोपरा ओला होता, बोटाला लाल लागलं.

आता राग कोणावर काढायचा? घरी येईपर्यंत मी टेंपोवाल्याला मनातल्या मनात पुष्कळ बोलून घेतलं. पण तो दोन दिवसांनी परत त्याच रस्त्याने आला तेव्हा मी गडग्याशी उभी राहून विचारलं, तर त्याने अगदी शांतपणे सांगितलं, "ताई, मी नको म्हणलो होतो." बास. याच्यावर काय बोलणार. मग त्यानेच सांगितलं की खालच्या वळणावर टेंपो उभा करून त्याने स्क्रू खोलले, आतली किट, म्हणजे सर्किट बोर्ड, काढली, मानेवरचा योक, म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी, काढला, ट्यूबभोवती एक तांब्याची माळ असते ती काढली, वायर तोडून घेतली. तांब्याला तेव्हा किलोला साडेसहाशे-सातशे मिळत होते, लोखंडाला पंचवीस-तीस, आणि ट्यूबच्या काचेला शून्य. शून्य पण नाही, गोडाऊनवाला उलट शिव्या देतो. किटचं काय होतं विचारलं तर म्हणाला साठवून मुंबईला देतात, तिथून पुढे दिल्लीला जातात म्हणे. म्हणे नाही, खरंच जातात, दिल्लीचं सीलमपूर आणि तिकडे पुढे मुरादाबाद याच कामासाठी माहीत असलेली ठिकाणं आहेत, तिथे सर्किट बोर्ड जाळून आणि अॅसिडमध्ये बुडवून त्यातला धातू काढतात, मुरादाबादेत रामगंगेच्या काठाला ती राख पसरलेली असते. म्हणजे आमच्या टीव्हीचं अर्धं अंग आमच्या पऱ्यात आणि अर्धं कुठल्या तरी दुसऱ्याच नदीत.

मला ट्यूबचं नीट समजावून सांगितलं ते शृंगारतळीच्या टीव्ही मेकॅनिकने. त्याच्या दुकानात आत जायला वाट अशी नाहीच, दोन्ही बाजूंना उघडे पडलेले टीव्ही, मधे आडवं होऊन जायचं, रोझीन जळल्याचा तो गोडसर धूर, आणि टेबलावर चहाच्या पेल्यात बुडवून ठेवलेले पेचकस. हा माणूस तीस वर्षं मेलेल्या टीव्हीतून पार्ट काढून आजारी टीव्हीला लावत आला. आपण ज्याला आता रिसायकलिंग म्हणून टाळ्या वाजवतो ते याचं रोजचं पोटापाण्याचं काम होतं, फक्त त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी काही बोलायच्या आधीच त्याने विचारलं, "दुरुस्तीला आणलंय की टाकायला आणलंय ते आधी सांगा. टाकायला आणणारेच जास्त येतात हल्ली." मग सांगितलं की ट्यूबमध्ये हवा नसते, मान मोडली की फुस्स करून आवाज येतो आणि हवा आत शिरते, ती शिरली की मग ट्यूब नुसती काच. आणि काच सुद्धा साधी नाही. मागची जी नरसाळ्यासारखी बाजू असते तिच्यात वजनाच्या जवळपास पाचव्या हिश्शाएवढं शिसं असतं. ते का, तर आत तयार होणारे एक्स-रे बाहेर येऊ नयेत म्हणून. लहानपणी "लांब बस, डोळे जातील" हे मी किमान हजार वेळा ऐकलं असेल, आणि तेवढी सगळी वर्षं ते शिसं गुपचूप आमच्या आणि त्या किरणांच्या मधे उभं होतं. पूर्वी जुन्या ट्यूबची काच वितळवून नव्या ट्यूबला वापरायचे. आता ट्यूबवाला टीव्ही कुणी करतच नाही, त्यामुळे त्या शिशाच्या काचेला गिऱ्हाईक राहिलं नाही. टेंपोवाला म्हणाला "आता त्याच्यात काय नाय" ते इतकं बरोबर होतं.

आणि आमचा पऱ्या कुठे जातो? पावसात तो आमच्या आगराच्या कडेने फुगून वाहतो, विहिरीपासून वीस हातांवर, आणि मग चिपीच्या झाडांतून खाडीत. पाऊस दहा-बारा दिवसांवर होता.

एक गोष्ट मला त्या माळ्याच्या पसाऱ्याकडे बघताना कळली, ती मला आधीच कळायला हवी होती. त्या वस्तूंपैकी निम्म्या गावात विकत घेतलेल्याच नव्हत्या. डीव्हीडी प्लेयर दादाच्या ठाण्याच्या घरातला. एक टेबलफॅन माझ्या सासरचा. कॉर्डलेस माझा. सेट टॉप बॉक्स आत्याच्या गोरेगावच्या घरातला. आपल्याकडे मुंबई-पुण्यात नवीन काही आलं की जुन्याचं काय करायचं याचं एक ठरलेलं उत्तर असतं, "गावाला नेऊ, गावाला उपयोगी पडेल." गणपतीला जाताना गाडीच्या डिकीत मखराच्या थर्मोकोलबरोबर एक जुना मिक्सर असतोच असतो. देताना काय बरं वाटतं! आपण टाकून दिलं नाही, गावाला दिलं. गाव मात्र ते टाकू शकत नाही, कारण मुंबईकरांनी दिलेलं असतं, पुढच्या वर्षी येऊन विचारतील. खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यात त्या वस्तूचं आयुष्य ते किती. पत्रा फुगतो, बोर्डावर हिरवट बुरशीसारखं चढतं, स्विचमध्ये मुंग्या घर करतात, आणि एखाद्या वळवाला वीज कडाडली की उरलंसुरलं जातं. मग माळा. कोकणातल्या घरांचे माळे म्हणजे मुंबई-पुण्याचं भंगाराचं गोडाऊन आहे, भाडं न घेणारं.

अर्थात गावातली माणसं आपल्यापेक्षा हुशार. आमच्या शेजारच्या काकूंकडे १९८८ सालचा फ्रीज आहे, बंद पडून पंधरा वर्षं झाली, त्यात त्या आमसुलं, फणसाचे पापड, तांदूळ आणि जायफळं ठेवतात. उंदीर शिरत नाही, मुंगी शिरत नाही, पावसात दमट हवा जात नाही, दाराला रबर आहे की. बंद पडलेल्या फ्रीजएवढं चांगलं फडताळ कुठल्या सुताराने केलं नसेल. उघडला की कोकमाचा आंबट वास भपकन येतो, दिवा लागत नाही, पण काकूंचा हात अंधारात बरोबर बरणीवर जातो. त्या काळातल्या फ्रीजमध्ये सीएफसी गॅस असायचा, तोच तो ओझोनचा थर खाणारा, ज्याच्यामुळे १९८७ साली माँट्रियलचा करार झाला. काकूंच्या फ्रीजमधला गॅस कधी आणि कुठे निघून गेला हे कुणालाच माहीत नाही. मेकॅनिकने नळी कापली असेल, फुस्स झालं असेल, कुणीतरी "झालं?" विचारलं असेल. एवढाच तो निरोप.

दान या शब्दाशी माझं जरा वाकडं आलंय ते दोन कारणांनी. एक तर आमच्या गावाकडच्या एका शाळेतली खोली. दादाच्या ओळखीतल्या कुणीतरी ऑफिस बदललं तेव्हा त्यांचे बारा जुने कॉम्प्युटर शाळेला दिले, नारळ फोडला, फोटो काढले, मी पण टाळ्या वाजवायला होते आणि मला खरंच भरून आलं होतं. दोन पावसाळ्यांत नऊ बंद पडले. आता ती खोली कुलूपबंद आहे. मी सरांना विचारलं की निदान भंगारात तरी द्या, तर ते हसले आणि म्हणाले मॅडम, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे. म्हणजे तो मेलाय हे सगळ्यांना दिसत असलं तरी वरून निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून काढून टाकायची, परवानगी आल्याशिवाय त्याला मेला म्हणता येत नाही. मग दरवर्षी ते मोजतात. बारा मॉनिटर, बारा सीपीयू, बारा कीबोर्ड, बारा माऊस. मुलांसाठी आलेली खोली मुलांना फक्त खिडकीच्या गजांतून दिसते, मॉनिटरवर घातलेल्या चादरीवर फुलं आहेत.

दुसरं कारण मावशी. ती चिपळूणला बाजारपेठेच्या मागे राहते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदी दोन्ही मिळून गावात शिरल्या तेव्हा तिच्या तळमजल्यावर फ्रीज तरंगत होता, ती सांगते, तरंगत तरंगत येऊन दाराला धडकत होता, जसं कुणी बाहेर जायला आतून दार वाजवतंय. पाणी ओसरल्यावर मी गेले होते. रस्त्याच्या दोन्ही कडांना घराघरांतून बाहेर काढलेलं सामान, फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्ही, दुकानांचे कॉम्प्युटर, सगळ्यांचा रंग एकच, गाळाचा. आणि वास. चिखल, डिझेल, कुजलेलं धान्य आणि त्याच्यात मिसळलेला एक वायरीचा करपट वास. काही जण बोर्ड नळाखाली धुऊन गच्चीवर वाळत घालत होते, खारवलेल्या मिरच्या घालतात तसे पसरून, आणि त्यातले काही चालू पण झाले हे मी डोळ्यांनी बघितलंय. बाकीचे ढीग जेसीबीने उचलून नेले. एवढे हजारो फ्रीज-टीव्ही नेमके कुठे नेले हे तेव्हा कुणी विचारलं नाही, विचारायची ती वेळही नव्हती, आधी घर धुवायचं होतं.

तेव्हा आमच्या सोसायटीतून मदत गेली. मी पण दिली. एक इंडक्शन शेगडी, दोन इस्त्र्या आणि आमचा जुना मिक्सर, नवीन घ्यायचाच होता. पंधरा दिवसांनी योगायोग असा की त्याच मदतीतलं सामान मावशीच्या गल्लीत वाटलं गेलं, आणि तिचा फोन आला, तक्रार नाही, नुसतं सहज, "मिक्सर आला हो आम्हाला. चांगला आहे. भांडं नाही आलं." मी काहीच बोलले नाही. मिक्सरच्या बुडाला सोसायटीच्या पेंटरने सांडलेला निळा डाग होता का, हे विचारायचं ओठावर आलं होतं. भांडं आमच्याच ओट्याखाली होतं, झाकण चिरलेलं म्हणून मी ते वेगळं काढून ठेवलेलं आणि विसरले. विसरले असं मी म्हणते.

तर पऱ्यातला टीव्ही. त्या रात्री मी गडग्यावर बसून, तिथेच जरा रेंज येते, मोबाईलवर शोधायला लागले की हे द्यायचं कुठे. कायदा आहे, एकदा नाही तीनदा झालाय, २०११, २०१६ आणि २०२२ चे नियम, शेवटचे १ एप्रिल २०२३ पासून लागू. आधी यादीत २१ वस्तू होत्या, आता १०६ आहेत, आमच्या माळ्यावरचं बहुतेक सगळं त्यात बसतं. वस्तू ज्या कंपनीने बनवली तिच्यावर ती परत गोळा करून मोडून घ्यायची जबाबदारी, पहिल्या दोन वर्षांत ६० टक्के, मग ७०, पुढे ८०. वाचताना मला एकदम धीर आला. मग एका कंपनीच्या साईटवर पिनकोड टाकला, गोल गोल फिरत राहिलं, आणि शेवटी जवळचं केंद्र म्हणून जे दाखवलं ते घाट चढून पलीकडे. पण खरी गंमत मला दुसरीच वाटली. रिसायकल करणाऱ्याला जे सर्टिफिकेट मिळतं, जे पुढे कंपन्या विकत घेतात, ते त्याने वस्तूतून काय काढलं त्याच्या हिशोबाने. सोनं, तांबं, अॅल्युमिनियम, लोखंड. मी ती चार नावं दोनदा वाचली. म्हणजे आमच्या टेंपोवाल्याचा काटा आणि सरकारचा काटा, वस्तूकडे बघायची नजर एकच की! शिशाची काच यांच्याही तराजूत बसत नाही आणि त्यांच्याही. इन्व्हर्टरची बॅटरी बघा, तिच्यात पण शिसंच असतं, पण त्या शिशाला भाव आहे म्हणून ती कधी पऱ्यात सापडत नाही, दुकानदार स्वतः घरी येऊन उचलून नेतो आणि वर नव्या बॅटरीत पैसे कमी करतो. एकाच जातीचं शिसं, एकाला पालखी आणि एकाला पऱ्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींच्या मुलाला घेऊन मी पऱ्यात उतरले. बागेत फवारणी करतानाचे हातमोजे आणि तोंडाला फडकं. काचेच्या आतल्या बाजूला पांढरट पूड असते ती नाकातोंडात जाऊ द्यायची नाही एवढं मेकॅनिकने बजावलेलं, म्हणून मानेचं भोक आधी चिंधी कोंबून बंद केलं आणि वर चिकटपट्टी. उचलली तर काय वजन! बाबांनी हे एकट्याने कवटाळून आणलं होतं. मोडलेल्या मानेचे तुकडे गोट्यांमधून वेचायला अर्धा तास गेला, मुलगा सारखा म्हणत होता "आत्या, आता नाही काय राहिलेलं," आणि सारखा एक एक तुकडा सापडत होता. वाटेने जाणाऱ्या एकाने विचारलं, काय गो, काय शोधताय, सोनं की काय? मुलगा म्हणाला, टीव्ही. तो माणूस थोडा वेळ थांबला, काहीतरी बोलणार होता, मग गेला.

ताडपत्रीत गुंडाळून, दोरीने आवळून ट्यूब डिकीत ठेवली. जागा केली ती आंब्याच्या दोन पेट्या मागच्या सीटवर सरकवून. चिपळूण, मग कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज, सातारा, प्रत्येक वळणाला मागून एक घसरल्याचा आवाज यायचा, खर्रर, आणि पुढच्या वळणाला परत उलटा, खर्रर. गाडीत हापूसचा घमघमाट आणि त्याच्याखाली एक ओल्या पाचोळ्याचा वास. घाटात धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं. मला एकदा उगाच हसू आलं, की तीस वर्षांपूर्वी याला एसटीतून वळणं वळणं जपून आणला आणि आता तसाच जपून परत नेतोय. आणि गावाकडून पुण्याला उलट दिशेने गेलेलं आमच्या घरातलं हे पहिलंच जुनं सामान असेल.

पुण्यात सोय आहे, हे मान्य करायला पाहिजे. स्वच्छ म्हणून कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, त्यांच्याकडे जुनं सामान आणि ई-कचरा देता येतो, शिवाय आमच्या भागात अधूनमधून गोळा करायची शिबिरं लागतात. मी अशाच एका शिबिराची वाट बघत ट्यूब तीन आठवडे बाल्कनीत ठेवली, कपडे वाळत घालताना पाय लागू नये म्हणून वर कुंडी ठेवून. त्याच वेळी कपाटातला बिस्किटाचा डबा पण काढला, त्यात पाच जुने फोन, एकाची बॅटरी फुगून पाठ वर आलेली. चार दिले. पाचवा बाबांचा, बटणांचा, तो चालू होत नाही, आणि त्यात काय आहे तर काहीच नाही, माझे मिस्ड कॉल असतील. तो परत डब्यात गेला. पुढच्या वर्षी देईन.

शिबिरात टेबलाशी कॉलेजचा एक मुलगा वही घेऊन बसला होता, मागे एक ट्रक आणि ढीग, प्रिंटर, गीझर, वायरींचे डोंगर. त्याने ताडपत्री सोडली आणि जरा बुचकळ्यात पडला. वहीत लिहिलं, "सीआरटी टीव्ही, १ नग." मग वाकून मागे बघितलं. "काकू, याच्यात आतलं काहीच नाहीये." म्हटलं हो, माहितीये. त्याने पेन थोडा वेळ हवेत धरलं आणि पुढे कंसात लिहिलं, "अपूर्ण". मग कोपऱ्यातल्या त्या डागावर नख घासून बघत विचारलं, "हा गंज आहे का? प्लास्टिकला कसा आला?" मी सांगितलं काय आहे ते. त्याने नख पँटला पुसलं, मग बहुतेक आपण काय पुसलं ते लक्षात आल्यासारखा गप्प झाला. दोघांनी उचलून ट्रकच्या आतल्या बाजूला ठेवली, तोंड वर करून.

घरी येऊन आईला फोन लावला. गावाला पाऊस सुरू झाला होता, फोनमधून कौलांवरचा आवाज येत होता, म्हणाली पऱ्याला लाल पाणी आलंय, पाखाडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत. म्हटलं, टीव्ही दिला गो. "दिलास ना, बरं झालं," म्हणाली, आणि मग, "अगो पण त्याचा रिमोट इथेच राहिला. कोनाड्यात आहे, प्लास्टिकचं कव्हर पण आहे त्याला." म्हटलं, असूदे, ठेव. "ठेवते. सेल मेले पाघळून चिकट झालेत, तेवढे काढते."

हो, काढ.

"आणि काढून टाकू कुठे?"